रिव्हरडान्ससारखा शो पहिल्यांदा बघणार असाल तर आधी हे करा

आयरिश डान्सचा मोठा स्टेज शो बघायचाय ना, मग थेट दोन तासांच्या शोवर जाऊ नका, आधी ३० एप्रिल १९९४ ची डब्लिनच्या पॉइंट थिएटरमधली क्लिप बघा. युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेत मधल्या वेळेसाठी बसवलेला सातेक मिनिटांचा आयटम होता तो, आणि लोकांना इतका आवडला की ९ फेब्रुवारी १९९५ ला त्याच पॉइंट थिएटरमध्ये पूर्ण रिव्हरडान्स सुरू झाला.

पहिल्यांदा नुसतं बघा. सुरुवातीला अनून या गायकवृंदाचं कोरस, मग मुख्य डान्सर जीन बटलर मऊ तळाचे सॉफ्ट शूज घालून येते, पायांचा आवाज जवळपास नाहीच, सगळी मजा उड्यांमध्ये. मग ड्रम्स घुमायला लागतात, दुसरा मुख्य डान्सर मायकल फ्लॅटली एन्ट्री घेतो आणि हार्ड शूजचा कडकडाट सुरू होतो.

दुसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवा, हेडफोन लावा आणि फक्त ऐका. हे खरंच करा, कारण बिल व्हेलनच्या म्युझिकमध्ये पाय हे एक वाद्यच आहे, आणि डोळे उघडे असले की कान झोपतात. हार्ड शूजच्या टोकाला आणि टाचेला साधारण फायबरग्लास असतं, अमेरिकन टॅप डान्सच्या शूजसारखी धातूची पट्टी नसते, म्हणून आवाज कोरडा आणि ठसठशीत येतो. हा फरक समोरासमोर ऐकायचा तर शोमधला ट्रेडिंग टॅप्स हा भाग लावा, आयरिश आणि टॅपवाले एकमेकांना पायांनी उत्तरं देतात, आपल्या लावणीतल्या सवाल-जवाबासारखं, माझा सगळ्यात लाडका भाग!

तिसऱ्यांदा हात बघा. आयरिश डान्सच्या स्पर्धांमध्ये हात अंगाला सरळ चिकटलेले ठेवायची पद्धत आहे, रांगेतली मंडळी बऱ्याच अंशी तसंच नाचतात, फ्लॅटली मात्र हात मोकळे सोडतो, छाती पुढे काढतो, आणि तिथेच हा डान्स स्पर्धेतून उठून थिएटरचा होतो असं मला वाटतं. रांग बघताना मधल्या हीरोकडे बघू नका, एकदम कडेचा डान्सर पकडा, मान न वळवता त्याचे पाय सगळ्यांबरोबर एका ठोक्यावर कसे पडतात ते कळेल.

स्लिप जिग हा आयरिश नाचाचा प्रकार आला की ९ मात्रा मोजा, तीन-तीन-तीन.

प्रत्यक्ष तिकीट काढताना पहिल्या रांगेचा हट्ट नको, स्टेज उंच असेल तर पायच नीट दिसत नाहीत. बाल्कनीची पुढची सीट घ्या, रांगांची डिझाइन्स पूर्ण दिसतात. आणि फ्लॅटलीचा १९९६ चा लॉर्ड ऑफ द डान्स हा शो याच्यानंतर बघा, आधी नको, तो रॉक शोच्या अंगाने जातो आणि त्या लाइट्समध्ये पायांकडे लक्षच राहत नाही.