फ्लाइंग 200 मध्ये टाइम नक्की कुठे जातो? कोकणातल्या स्प्रिंटर पोरांनो, या चुका टाळा

मागच्या सीझनला आमच्या रत्नागिरीकडच्या तीन पोरांना घेऊन पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे वळणांत बाहेरच्या कडेला उंच होत जाणाऱ्या सायकलच्या ट्रॅकवर, गेलो होतो. त्यातला एक जण आंबा घाट असा चढतो की मोठी माणसं मागे राहतात, आणि त्याचाच फ्लाइंग 200 चा (आधी वेग घेऊन मग फक्त शेवटच्या 200 मीटरचा मोजतात तो) टाइम सगळ्यात वाईट आला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, दादा पायात ताकद नाहीये माझ्या. मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला त्याला. टाइम सुरू होतो ती 200 मीटरची रेषा यायच्या आधीच सगळं संपलं होतं, पायांचा काही दोष नव्हता. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण आपल्याकडची पोरं ताकदीत कमी नाहीत, ती टाइम घालवतात तो चढण्यात, उतरण्यात, रेषेवर आणि सायकलच्या देखभालीत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्वालिफाइंगच्या फ्लाइंग 200 ला मॅथ्यू रिचर्डसनने 9.091 सेकंदाचा वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि काही मिनिटांतच हॅरी लाव्रेसेनने 9.088 मारून तो मोडला. फरक 0.003 सेकंद, त्या वेगात साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या तळहाताएवढासुद्धा नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुर्कीतल्या कोन्याला रिचर्डसनने आधी 8.941 आणि लगेच दुसऱ्या दिवशी 8.857 केला, 9 सेकंदांच्या आत येणारा तो पहिलाच. 8.857 म्हणजे ताशी 81 किलोमीटरच्या वर. या लेव्हलला सगळ्यांकडेच ताकद असते, त्यामुळे जो कमी चुका करतो तो जिंकतो.

वर चढताच दमून जाणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो. 250 मीटरच्या ट्रॅकवर फ्लाइंग 200 साठी साडेतीन फेऱ्या मिळतात, आणि टाइम फक्त शेवटच्या 200 चा धरतात. रोडवरून आलेली पोरं काय करतात तर पहिल्या फेरीपासूनच जोर लावतात, कारण घाटात तीच सवय लागलेली असते, की चढ दिसला की उभं राहून मारायचं. अरे पण इथे चढ हा शत्रू नाहीये, इथे चढ म्हणजे तुमची बँक आहे. हळूहळू, बसून, श्वास ताब्यात ठेवून वरच्या कठड्यापाशी जायचं, तिथे उंची जमा करून ठेवायची आणि बरोबर वेळेला ती खर्च करायची.

किती खर्च करता येते ते बघा. समजा तुम्ही ताशी 45 ने वर फिरताय आणि 4 मीटर उंचीवरून खाली आलात, तर पायाने काहीही न करता, हवेचा विरोध सोडून हिशोब केला तर, वेग ताशी 55 च्या आसपास जातो. हे दहा किलोमीटर फुकट मिळतात. हेच दहा सपाटीवर पायाने मिळवायला गेलात तर 200 ची रेषा येईपर्यंत मांड्या पेटलेल्या असतात, आणि मग शेवटच्या वळणातून बाहेर येताना सायकल चिखलातून चालल्यासारखी वाटते.

खाली सोडायची कधी, इथेही घोळ होतो. 250 च्या ट्रॅकवर 200 ची रेषा पहिल्या वळणात, फिनिश लाइनच्या 50 मीटर पुढे येते. म्हणजे आधीच्या तिसऱ्या-चौथ्या वळणात उंचच राहायचं, समोरच्या सरळ भागावर उभं राहून वेग वाढवायचा आणि वळणात शिरता शिरता तिरकं खाली यायचं, असं की 200 च्या रेषेपर्यंत ट्रॅकच्या आतल्या कडेच्या काळ्या रेषेवर आणि सीटवर बसलेले असाल. आमच्या त्या पोराने सरळ भागाच्या सुरुवातीलाच सोडली, त्यामुळे उताराचा सगळा वेग रेषेच्या आधीच उडून गेला. दुसरा जण उलट घाबरून उशिरा उतरला आणि रेषा ओलांडली तेव्हा अजून वरच होता. दोघांनाही मी चुन्याच्या छोट्या खुणा करून दिल्या (ट्रॅकवाल्यांची परवानगी घेऊन, हे विसरू नका) आणि दिवसभर फक्त उतरायचीच प्रॅक्टिस केली, अर्ध्या ताकदीने. संध्याकाळी दोघांचाही टाइम सुधारला, पाय तर तेच होते.

काळी रेषा सोडणं

ट्रॅकचं अंतर काळ्या रेषेवर मोजलेलं असतं. तुम्ही तिच्या 1 मीटर (आडव्या मापात) वरून पूर्ण फेरी मारलीत तर 6.28 मीटर जास्त जाता, ट्रॅक कितीही मोठा असला तरी. ट्रॅकच्या एका टोकाचा पूर्ण अर्धगोल एक वळण धरलं तर 200 मध्ये साधारण दीड वळण येतं, म्हणजे नुसतं अर्धा मीटर वरून गेलात तरी सव्वादोन मीटरच्या वर जास्त, ताशी 65 च्या वेगाला साधारण 0.13 सेकंद गेला. पॅरिसमधला फरक आठवा. वळणात नजर पुढच्या चाकावर नको, पुढे वीस-तीस मीटर रेषेवर ठेवा, जिथे बघाल तिथे सायकल जाते.

गिअर मोठा लावला की टाइम कमी येतो हा गैरसमज

टीव्हीवर मोठमोठ्या चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चाकं) बघून पोरं तेच मागतात. थोडा हिशोब करा. 50×14 ला (पुढे 50 दात, मागे 14) पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल साधारण साडेसात मीटर जाते. 200 मीटर 11 सेकंदात काढायचे तर पाय मिनिटाला 145 च्या आसपास फिरायला हवेत, 12 सेकंदाला 133 लागतात. आता स्वतःला विचारा, मला 145 ला कंबर न उडवता पेडल मारता येतं का? नसेल येत तर पहिला इलाज रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायचं साधन) आहे, दुकानात नाही. आणि ज्याचा पाय आधीच छान फिरतो पण शेवटी वेगच वाढत नाही त्याने गिअर वाढवावा, पण एका वेळी एकच दात, आणि स्पर्धेच्या आठवड्यात तर अजिबात नाही.

फिक्स गिअरवर पाय थांबवणं ही नवीन पोरांची जुनी चूक. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. फिनिश ओलांडली की सवयीने पाय सोडला की मागचं चाक तुम्हाला उचलून फेकतं. फिनिशनंतर पाय हलके ठेवून फिरवत राहायचं, वर चढून वेग जाऊ द्यायचा. पहिले पंधरा दिवस फक्त हेच शिकवा, मुलींना मुलांना सगळ्यांना.

टाइम मोजण्यातच गडबड

मला मेसेज येतात, दादा भाट्याच्या रस्त्यावर 200 मीटर 10.8 ला काढलं. बाळा, ते जीपीएसचं आहे. जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा टिपतं, अकरा सेकंदांच्या खेळात त्याचा काय भरवसा, आणि वेलोड्रोमच्या वळणात तर ते कोपरे कापून मोकळं होतं. हाताच्या स्टॉपवॉचनेही दोन-तीन दशांश सहज इकडे तिकडे होतात. त्यापेक्षा दोन खुणांवर मोबाइल लावा, स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा, सेकंदाला 240 फ्रेम असतील तर चूक खूपच कमी.

दुसरं म्हणजे वारा. सकाळी मतलई वारे जमिनीकडून येतात, दुपार होता होता खारे वारे सुरू होतात आणि सड्यावरच्या रस्त्यावर तर वाऱ्याला आडोसाच नाही. एका दिशेने काढलेला टाइम टाइम नाही. दोन्ही दिशांनी काढा, आणि सरासरी काढली तरी लक्षात ठेवा, उलटा वारा जेवढं नेतो तेवढं पाठचा वारा परत देत नाही. त्यामुळे शक्यतो पहाटे, वारा पडलेला असताना.

आणि उंचीचं काय? त्रिनिदादच्या निकोलस पॉलचा 2019 चा 9.100 चा वर्ल्ड रेकॉर्ड कोचाबांबाला झाला, बोलिव्हियात, अडीच हजार मीटरच्या वर. तिथे हवा विरळ, विरोध कमी. आपण समुद्रसपाटीला, पुणं साडेपाचशे मीटरवर, म्हणजे तिथे आपोआपच थोडा चांगला टाइम येणार, तो सगळा ट्रेनिंगचा समजू नका. आपल्याकडे म्हणतात दमट हवा जड असते, तेही बरोबर नाही, तेवढ्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. जड वाटतं कारण घाम सुकत नाही आणि शरीर तापतं. म्हणून दोन फुल स्प्रिंटमध्ये पंधरा-वीस मिनिटं सावलीत, पाणी, मिठाची चिमूट, शहाळं मिळालं तर उत्तमच. दिवसाला चार-पाच पूर्ण ताकदीचे स्प्रिंट बास. दहा मारलेत तर शेवटचे पाच हळू जायची प्रॅक्टिस होते.

खारी हवा सायकल खाते

यावर पुण्याकडचे कोच फार बोलत नाहीत कारण त्यांना हा त्रास नाही, पण आपल्याला आहे. घर समुद्रापासून लांब असलं तरी मीठ पोचतं. अॅल्युमिनियमची सीटपोस्ट लोखंडी किंवा कार्बन फ्रेममध्ये महिनोन्‌महिने न हलवता ठेवली की आत धरून बसते, मग कापूनच काढावी लागते. महिन्यातून एकदा बाहेर काढा, पुसा, लोखंडी फ्रेम असेल तर ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट. हँडलबारची टेप सीझनला एकदा पूर्ण सोडून बघा. घाम आणि मीठ टेपखाली साचून अॅल्युमिनियम आतून खातं, वरून काही दिसत नाही, आणि स्टँडिंग स्टार्टला (थांबलेल्या सायकलवरून सुटताना) सगळं अंग हँडलवर खेचतं तेव्हा बार तुटला तर तोंडावर पडता. मी टेपखाली पांढरी पावडर आणि खड्डे पडलेला बार स्वतःच्या हाताने काढलाय, ज्या पोराची सायकल होती त्याने दोन दिवसांनी स्पर्धा खेळायची होती.

ट्यूब्युलर टायर (रिमला गमने चिकटवायचा असतो तो) चिकटवत असाल तर पावसाळ्यात घाई नको. दमट हवेत गम सुकायला वेळ लागतो. थर नीट सुकू द्या, चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी हवा काढून दोन्ही अंगठ्यांनी टायर रिमवरून ढकलून बघा, कुठेही उघडला तर परत करा. बँकिंगवर (ट्रॅकच्या कललेल्या भागावर) टायर निघाला तर तुम्ही एकटे पडत नाही, मागचेही पडतात.

मॅच स्प्रिंटबद्दल (समोरासमोरची शर्यत, आधी पोचेल तो जिंकतो) इथे थोडंच सांगतो. पुढे असाल तर सतत मागे बघा, मान दुखेपर्यंत बघा. आणि फायनल स्प्रिंट सुरू केल्यावर काळ्या-लाल रेषेमधल्या लेनमध्ये आलात तर तिथून बाहेर येऊन दुसऱ्याला अडवू नका, जिंकलेली राइड जाते.

समुद्राकाठच्या पोरांना ट्रॅक जमत नाही असं कोणी म्हटलं तर त्यांना सांगा, 2004 च्या सुनामीतून वाचलेली डेबोरा हेरोल्ड अंदमान निकोबारची, एसो अल्बेनही तिथलाच, आणि दोघांनीही देशासाठी स्प्रिंट मारून जगाला मागे वळून बघायला लावलंय.

शेवटचं माझंच. खेळत होतो तेव्हा राज्याच्या निवडीला सकाळी गिअर बदलला, मागच्या चाकाचे नट हाताने आवळले आणि वॉर्म-अपच्या गडबडीत पाना लावायचा राहिला. स्टार्टला पहिल्याच पेडलला चाक तिरकं झालं, टायर फ्रेमला घासला, मी उभाच. वर्षभराची मेहनत होती ती. तेव्हापासून गिअर बदलला की आधी पाना, मग चेनचा ताण चारही बाजूंना फिरवून बघायचा, लॉकरिंग (मागचं दातेरी चाक धरून ठेवणारी रिंग, तिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळते), आणि मग दुसऱ्या कोणाकडून तरी परत पाना लावून घ्यायचा. आमच्या पोरांमध्ये आता हे काम एकमेकांच्या सायकलवर करतात, स्वतःच्या नाही.