हात धुवायची सवय वॉर्डात टिकत का नाही? इंटर्न्सनो, या चुका टाळा

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी सगळेच ठरवतात, प्रत्येक पेशंटला हात लावायच्या आधी हात स्वच्छ करायचे म्हणजे करायचेच. आणि चौथ्या दिवशी पहाटे रक्ताच्या कलेक्शनला वीस पेशंट, हातात बल्बचा (रक्ताच्या नळ्यांचा) ट्रे, जेआरचा (ज्युनियर रेसिडेंटचा) फोन, मग कुठलं काय. मी पण तसाच होतो, डब्ल्यूएचओचे ते पाच मोमेंट्स, म्हणजे हात कधी कधी स्वच्छ करायचे ते प्रसंग, परीक्षेत धडाधड लिहून आलेलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "लक्षात ठेवीन" म्हणणं. नाही राहत हो लक्षात! जे काम तसंही करणारच आहात त्याला हे जोडून टाका. मी हँडरबची (हाताला चोळायच्या अल्कोहोलची) बाटली एप्रनच्या त्याच खिशात ठेवायला लागलो ज्यात टूर्निकेट (रक्त काढताना दंडाला बांधायचा पट्टा) असायचा, म्हणजे टूर्निकेट काढायला हात घातला की आधी बाटलीच हाताला लागायची, आठवायची गरजच संपली.

पण पोस्टिंग बदललं की ही खूण गायब होते, ओपीडीत कुठला आलाय टूर्निकेट, म्हणून नव्या पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी नवी खूण शोधा. मी ओपीडीत खूण म्हणून बीपीचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) धरला होता.

ग्लोव्ह्ज घातलेत म्हणजे झालं, हा दुसरा गैरसमज. त्याच ग्लोव्ह्जने तीन बेड, मग मोबाईल, मग केस पेपर... असं करू नका. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच.

दोन थेंब घेऊन चोळल्यासारखं करणं पण नको, हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, साबणपाण्याला ४० ते ६०, आणि अंगठा न् बोटांची टोकं हमखास राहतात. सी. डिफिसिल या जंतूचे जुलाब असतील तर साबणपाणीच, त्याचे स्पोअर्स (बीजाणू) अल्कोहोलने मरत नाहीत.

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे सोडा. लंडनच्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे नाईट ड्युटीला चुकलं तर सकाळी परत सुरू, रडत बसायचं नाही.

राहता राहिले सर. तेच हात न धुता राउंड घेत असतील तर अख्खं युनिट तसंच करतं. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाईस या डॉक्टरने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले तरी बरेच सिनियर ऐकेनात, तर आपण कोण टोकणार? मी टोकत नाही, फक्त पुढच्या बेडला बाटली पुढे करतो. बहुतेक सर घेतात.