फारसीत भाववाचक नाम कसे बनवावे

विशेषणाला 'ई' जोडली की भाववाचक नाम मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आधी शब्दाचा शेवटचा ध्वनी ऐका. (उच्चार इराणी धाटणीचे दिले आहेत.)

शेवटी व्यंजन असेल तर थेट 'ई': खूब (चांगला) – खूबी, बोजोर्ग (मोठा) – बोजोर्गी. शेवटी 'आ' असेल तर मध्ये 'य' येतो: जीबा (सुंदर) – जीबायी.

गाडी अडते ती 'ए'कारान्त शब्दांपाशी. खस्ते (थकलेला), तेश्ने (तहानलेला), जेन्दे (जिवंत) यांच्या शेवटी 'हे' हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. इथे 'गी' लागते: खस्तेगी, तेश्नेगी, जेन्देगी. लिहिताना ते 'हे' गाळूनच 'गी' जोडायची. हा 'ग' उपरा नाही. मध्य फारसीत (आजच्या फारसीच्या आधीच्या रूपात) 'बंदे' (दास) हा शब्द 'बंदग' असा होता. शेवटचा 'ग' झिजला, प्रत्ययाआधी मात्र टिकला. आपली बंदगी, ताजगी याच साच्यातली. 'हे' उच्चारला जात असेल तर साधी 'ई' पुरते: आगाह (जाणकार) – आगाही.

हिंदीतली 'नाराजगी' मात्र तिथे नेऊ नका. फारसीत 'नाराजी' हे विशेषण आहे, नाराज असलेला. आपण जिला नाराजी म्हणतो, तिला फारसीत म्हणतात नारेजायती.

बोलताना आघात सांभाळा. 'मर्दी'त 'दी'वर जोर दिला तर पौरुष, 'मर्द'वर दिला तर 'कुणी एक पुरुष'. लिखाणात दोन्ही सारखेच दिसतात, संदर्भावरूनच ओळखायचे.

क्रियापदाच्या वर्तमान धातूला (वर्तमानकाळाची रूपे ज्यावरून होतात त्या भागाला) 'एश' लागतो. आमूख्तन (शिकणे, शिकवणे) याचा वर्तमान धातू 'आमूज', म्हणून आमूजेश (शिक्षण). नुसते 'अन' काढून 'आमूख्तेश' केले तर तो शब्दच नाही. कूशीदन – कूश – कूशेश, म्हणजे आपली कोशिश. पण प्रत्येक धातूला 'एश' चालत नाही. नेवेश्तन (लिहिणे) याचा धातू 'नेवीस', तरी 'नेवीसेश' कोणी म्हणत नाही. लेखनाला नेगारेश, तेही नेगाश्तन या वेगळ्या क्रियापदावरून. त्यामुळे 'एश'ची नामे पाठच करावीत.

भूतधातूला (क्रियापदातला 'अन' काढून उरतो त्या भागाला) 'आर' जोडून रफ्तार (वागणूक, वेग नव्हे) आणि गोफ्तार (बोलणे) होतात. त्याच घडणीचा खरीदार मात्र भाववाचक नाही, तो विकत घेणारा माणूस.

'ईयत' अरबी शब्दांसाठी राखून ठेवा: मस्ऊल (जबाबदार) – मस्ऊलीयत. अस्सल फारसी शब्दाला तो जोडला की जाणकार इराणी लेखक नाक मुरडतात.