दुसरी बॅटरी भरतच नाही? नवी घेण्याआधी या चुका टाळा

ऑफ-रोड गाडीत फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप चालवायला दुसरी बॅटरी बसवली जाते आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: दिवसभर गाडी चालवली तरी मध्यरात्री फ्रिज बंद. मग बॅटरीला दोष देऊन ती बदलली जाते. नवी बॅटरीही तशीच वागते, कारण खोट बहुतेक वेळा तिच्यापर्यंत येणाऱ्या वायरमध्ये असते.

साधा हिशेब करा. बॉनेटपासून डिकीपर्यंत केबल ५ मीटर, परतीची ५ मीटर. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमधून ४० अँपिअर वाहिले की वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं जनित्र) १४.२ व्होल्ट देतोय आणि मागे पोचतात जेमतेम १३. एवढ्यावर चार्जिंग मंदावतं, दोन-तीन तासांच्या प्रवासात बॅटरी भरत नाही, आणि रोज अर्धवट राहणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचून तिची क्षमता कायमची घटते. तीच केबल १६ चौरस मिमीची असेल तर घट ०.४५ व्होल्टच्या आत राहते. केबलवर पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

तपासायचं कसं? इंजिन चालू ठेवा, दुसरी बॅटरी थोडी उतरलेली असू द्या. मल्टिमीटरची एक पिन पॉझिटिव्ह केबलच्या पुढच्या टोकाला, दुसरी त्याच केबलच्या मागच्या टोकाला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वायरीत गळताहेत. मग अर्थच्या (निगेटिव्ह, चासीकडच्या) बाजूनेही हेच करा. भरलेल्या बॅटरीवर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. करंटच वाहत नसेल तर सगळं छान दिसतं. अर्थच्या बाजूला घट जास्त आली तर चासीवरचा बोल्ट उघडा. लगखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग तसाच असतो! तो खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, लग घट्ट बसवा, मग वरून गंज न चढण्यासाठी ग्रीस. हाताला गरम लागणारा लग म्हणजे क्रिंप (लग केबलवर दाबून केलेला जोड) कच्चं आहे.

नव्या गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतो. पुढची बॅटरी भरत आली की तो व्होल्टेज खाली आणतो. साधा व्होल्टेजवर चालणारा आयसोलेटर रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) साधारण १३.३ व्होल्टला जुळतो आणि १२.८ च्या आसपास तुटतो, म्हणजे तो हायवेवर मध्येच सुटून बसतो. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जरच (कमी व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरणारा) हवा, आणि त्याची इग्निशनची वायर जोडलेली हवी. नाहीतर व्होल्टेज उतरलं की इंजिन बंद आहे असं समजून चार्जर थांबतो. आणखी एक: हा चार्जर आत घेतो जास्त, बाहेर देतो कमी. २५ अँपिअरचा चार्जर पुढून १२.५ व्होल्ट मिळत असताना ३२ अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. केबल आणि फ्यूज त्या आकड्यावरून ठरवा.

पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर नवी अर्थ थेट पोलवर लावू नका. ती चासीवर घ्या, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

फ्यूजच्या बाबतीत मात्र मी जराही सूट देत नाही. एकच फ्यूज पुरत नाही, कारण केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे चासीला घासून आवरण फाटलं तर दोन्हीकडून करंट धावतो आणि गाडी पेटते. दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज, केबलच्या क्षमतेपेक्षा कमी रेटिंगचा. केबल पत्र्यातून जाताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडी) लावायचाच.

लिथियम बसवणार असाल तर ती इंजिनच्या उष्णतेत ठेवू नका आणि चार्जरचं सेटिंग बदला. अल्टरनेटरला ती थेट जोडली तर एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटमध्ये) तशी सोय आहे का, ते घेतानाच बघा.

सगळं जोडून झालं की खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारा आणि परत आल्यावर प्रत्येक टर्मिनल आणि अर्थचा बोल्ट पान्याने पुन्हा आवळा.