लांबच्या प्रवासात एकट्याने डोंगर चढायचा असेल तर

दिवसभर गाडी चालवून आलेलं अंग चढाईला लगेच साथ देत नाही. पाच-सहा तास बसून मांड्या आखडलेल्या असतात, वारंवार थांबावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायलेलं असतं. तसंच चढायला लागलात तर पोटऱ्यांत गोळे येतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पायथ्याशी पोचा, पाणी प्या, झोपा आणि सकाळी निघा. पहिली वीस मिनिटं दम न लागता बोलता येईल इतक्याच वेगाने चाला.

वेळेचा हिशोब आधीच करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा अजून कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ, म्हणजे तीन तास. यात विश्रांती धरलेली नाही, तेव्हा चार तास पकडा. सूर्यास्त साडेसहाला असेल आणि पाचपर्यंत गाडीपाशी यायचं असेल, तर दुपारी एक ही निघायची शेवटची वेळ. साडेतीन वाजले की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरायचं.

वाट चुकते ती बहुतेकदा उतरताना. चढताना डोंगराच्या सगळ्या सोंडा माथ्याकडेच जातात, थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. उतरताना त्याच सोंडा चहूकडे फुटतात आणि धुक्यात वीस पावलांची चूक भलत्याच दरीत उतरवते. सोबत कोणी असतं तर टोकलं असतं. एकट्याला ती सोय नाही. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळा, येताना ती जागा जशी दिसणार आहे तशी बघून घ्या, एखादं वाकडं झाड किंवा फुटका कातळ चौकटीत धरून फोटो काढा. माथ्यावर पोचल्यावर बसण्याआधी आपण नेमके कुठून वर आलो ते पाहून ठेवा. शंका आली तर खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत परत चढून जा, कितीही जिवावर आलं तरी. ओढ्याच्या पात्राने खाली उतरू नका, ते अनेकदा कड्यावर नेऊन सोडतं.

पाणी तासाला अर्धा लिटर, वर अर्धा लिटर राखीव. दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. माथ्यावरच्या वाऱ्यात घामेजलेला शर्ट हुडहुडी भरवतो, तेव्हा एक कोरडा गरम कपडा हवाच. हेडटॉर्च आणि शिट्टी घ्या. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. नकाशा आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस चालतं, बॅटरी टिकते.

घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला वाट, गाडीचा नंबर, ती लावल्याची जागा आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची, ते कळवा. हीच माहिती चिठ्ठीवर लिहून गाडीच्या काचेवर लावू नका. गाडी किती वेळ बेवारस आहे हे चोरालाही कळतं. किल्ली सॅकच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवा, खिशात नको.

गाडीत पाणी, खाणं आणि कोरडे मोजे ठेवलेले असू द्या. उतरल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका: क्लच दाबताना पायात गोळा येतो, आणि डुलकी लागते ती पोट भरल्यावर सरळ रस्त्यावर. खा, वीस मिनिटं झोपा, फोन करून पोचल्याचं कळवा, मग गाडी काढा.