इटालियन नावं आणि शब्द मराठीत लिहिताना या चुका टाळा

इटालियन शब्द आपल्याकडे बहुतेक इंग्रजीमार्गेच येतात आणि वाटेत त्यांची मोडतोड होते. मेनूकार्डावर ‘ब्रुशेटा’ छापलं जातं, कलाविषयक लेखात ‘मोदिग्लियानी’ येतो, बातमीत ‘गियोव्हानी’. चीड अशासाठी येते की इटालियन स्पेलिंग कमालीचं नियमबद्ध आहे आणि ते नियम एका बैठकीत शिकून होतात. पण लोक घाईत मोबाइलला इंग्रजी आवाजात नाव म्हणायला लावतात आणि ऐकू येईल ते उतरवतात. हा शॉर्टकट पूर्ण सोडा. ऐकायचंच असेल तर आधी भाषा बदलून इटालियन करा.

सगळ्यात जास्त घोळ ‘एच’ या अक्षराचा. ‘सी’ आणि ‘जी’च्या पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला की उच्चार च आणि ज होतो. मध्ये ‘एच’ आला की तेच क आणि ग राहतात. ‘एच’ला स्वतःचा आवाज नाही, तो फक्त च-ज होऊ देत नाही. म्हणून मेदिची, बोत्तिचेल्ली, गुच्ची. पण माकियावेल्ली, कियान्ती, लांबोर्गीनी. ‘लांबोर्जिनी’ चूक. ‘आय’चं काम उलटं. ‘जी’ आणि ‘ओ’च्या मधला ‘आय’ बहुधा फक्त ज करायला असतो, म्हणून जोव्हान्नी, जोर्जो. ‘एस-सी’च्या पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ असेल तर श, जसं प्रोशुत्तो. त्यात ‘एच’ शिरला की स्क, जसं ब्रुस्केत्ता.

याच नियमात मंगळाचा अभ्यासक जोव्हान्नी स्कियापारेल्ली सापडतो. त्याचं आडनाव ‘शियापारेली’ असं सर्रास छापतात. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या नावाचं युरोपीय यान मंगळावर कोसळलं, तेव्हा तर हे नाव बातम्यांत आलं होतं. पण त्याच्या बाबतीत नावापेक्षा मोठी चूक एका शब्दाची झाली. 1877 मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असताना मिलानच्या ब्रेरा वेधशाळेतून त्याला मंगळावर रेषा दिसल्या आणि त्याने त्यांना ‘कानाली’ म्हटलं. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक प्रवाहमार्गालाही चालतो आणि खोदलेल्या कालव्यालाही. इंग्रजीत त्याचं ‘कॅनल’ झालं, म्हणजे कुणीतरी खोदलेला कालवा. सुएझ कालवा 1869 मध्ये सुरू झालेला, त्यामुळे कालवा म्हटलं की वाचकांना इंजिनिअरच दिसत होते. पुढे अमेरिकी खगोल अभ्यासक पर्सिव्हल लोवेलने 1894 मध्ये ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला वेधशाळा उभारली आणि मंगळावरच्या बुद्धिमान रहिवाशांनी ध्रुवाकडचं पाणी आणायला हे कालवे खोदले, असं वर्षानुवर्षं मांडलं. 1965 मध्ये मरिनर 4 या अमेरिकी यानाने जवळून छायाचित्रं पाठवली, त्यांत विवरं होती, कालवे नव्हते. सगळा दोष भाषांतराचा नाही, रेषा हाच मुळात दृष्टिभ्रम होता. पण शब्दाने त्या भ्रमाला खोदणारे हात दिले. आपण इंग्रजीवरून ‘मंगळावरचे कालवे’ लिहितो तेव्हा तीच चूक पुढे नेतो. स्कियापारेल्लीबद्दल लिहिताना ‘कानाली’च ठेवा आणि अर्थ एकदा सांगा. लोवेलबद्दल असेल तर ‘कालवे’ बरोबर, त्याला तेच म्हणायचं होतं.

‘जी-एन’ म्हणजे न्य, ‘जी-एल-आय’ म्हणजे बहुधा ल्य. बोलोन्या नीट लिहिणारेच पुढच्या ओळीत ‘ॲग्नेली’ लिहितात. आन्येल्ली, मोदिल्यानी, काल्यारी.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते ‘टिरामिसू’ या गोड पदार्थाच्या नावाचं. इटालियन ‘टी’ आणि ‘डी’ दंत्य आहेत, आपल्या त आणि द सारखे. इंग्रजीत ते वर्ण नाहीत, आपल्याकडे आहेत, तरी आपण ट-ड लिहितो. जोडाक्षरांचंही तसंच. पत्ता आणि पता यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, मग फेर्रारीचा एक र का खायचा? ‘पेन्ने’ पास्त्यातला एक न गाळला तर इटालियन माणसाच्या कानाला तो पुरुषाच्या लिंगाचा शब्द होतो. ‘झेड’चा त्स आपण चूल, चोर म्हणताना रोज उच्चारतो. लिहिताना मात्र त्स लिहा, कारण नुसता च वाचणारा चहातला च वाचेल: स्त्रोत्सी, आब्रुत्सो.

मात्र मराठीत रुळलेल्या शब्दांना हात लावू नका. पिझ्झा, व्हेनिस, कोलंबस हे आता आपले शब्द आहेत. नियम नवे शिकलेले लोक उत्साहाने ‘पित्सा’ लिहायला लागतात, त्याने वाचक अडखळतो, बाकी काही साधत नाही. नियम लावायचे ते नव्याने येणाऱ्या नावांना.

इंग्रजीतला अर्थ इटलीत चालेलच असं नाही. ‘लात्ते’ मागितलं तर नुसतं दूध मिळेल. कॉफी हवी तर ‘काफ्फे लात्ते’ म्हणा. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. पिझ्झ्यावरचं तिखट सॉसेज हवं असेल तर ‘सालामे पिक्कान्ते’.

‘दा विंची’ हे आडनाव नव्हे, त्याचा अर्थ ‘विंची गावचा’ असा आहे. दुसऱ्या उल्लेखात ‘लिओनार्दो’ लिहा, सूचीतही ल खाली टाका. उलट आधुनिक आडनावांतले दे, दी, देल्ला हे आडनावाचाच भाग असतात. लेखक दान्नुंत्सिओ सूचीत द खालीच येतो.

मराठीत क्रियापदाला लिंग असल्यामुळे आणखी एक खड्डा आहे. आंद्रेया, निकोला, सिमोने ही इटलीत पुरुषांची नावं आहेत. इंग्रजी सवयीने ‘आंद्रेया म्हणाली’ लिहून गायक बोचेल्लीची बाई करू नका. फोटो किंवा मूळ इटालियन मजकुरातलं विशेषण बघा. शेवटी ‘ओ’ असेल तर पुरुष, ‘आ’ असेल तर स्त्री.

इटलीत लग्नानंतरही बाईचं कागदोपत्री आडनाव जन्माचंच राहतं, तेव्हा नवऱ्याचं आडनाव तिला आपणहून जोडू नका. आणि सरकारी याद्यांत आडनाव आधी असतं. ‘मार्तीनो आल्बेर्तो’ असं दिसलं तर दोन्ही शब्द नावं म्हणूनही चालतात आणि आडनावं म्हणूनही, म्हणून यादीतली आणखी चार-पाच नावं पाहून क्रम ठरवा, मगच उलटवा.