‘आता मी खंय जाव?’: कौटुंबिक हिंसाचाराच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून सिंधुदुर्गात समुपदेशक म्हणून रुजू झाले, तेव्हा बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारा माणूस एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथली बेघर बाई चिरेबंदी घरातून निघालेली असते. सासरी मारहाण, माहेरी भावाचा संसार. चार दिवस इकडे, आठ दिवस मावशीकडे, मग पुन्हा सासरी. माझ्यासमोर बसलेली पहिली बाई मारहाणीबद्दल फारसं बोललीच नाही. तिने एवढंच विचारलं, "बाय, आता मी खंय जाव?"

या प्रश्नाला दोन उत्तरं लागतात. आजची रात्र कुठे काढायची, आणि पुढे कायमचं कुठे राहायचं.

आजच्या रात्रीसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. 2015 पासूनच्या या केंद्रीय योजनेत समुपदेशन, दवाखाना, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच ठिकाणी मिळते आणि काही दिवस राहताही येतं. जास्त दिवस राहायचं तर शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधार गृह. 181 ही महिला हेल्पलाइन आणि जीव धोक्यात असेल तर 112, हे आकडे तिला पाठ करायला लावा. फोनमध्ये नावाने सेव्ह करायला सांगू नका, फोन नवऱ्याच्या हातात जातो. पण केंद्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि बाई खाडीपलीकडच्या वाडीत, शेवटची एसटी गेलेली. म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातून तिथवर एकदा स्वतः जाऊन या. गाड्यांच्या वेळा वहीत लिहा. रात्री दार कोण उघडतं, मुलगा मोठा असेल तर सोबत घेतात का, हे तिथेच विचारा.

कायमच्या उत्तराबद्दल नवीन समुपदेशक मुली फार घाबरतात, कारण घर सासऱ्याच्या नावावर असतं, नाहीतर मुंबईच्या काका-चुलत्यांसकट सामायिक. "घरावर तुझं नाव कुठे आहे?" हे बाईने इतक्यांदा ऐकलेलं असतं की तिलाही ते खरं वाटतं. तिला सांगा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा हक्क तिला आहे, नाव असो वा नसो. घर सासऱ्याचं असलं तरी ते ‘सामायिक निवास’, म्हणजे कायद्याच्या भाषेत ती नांदली ते घर, ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. यातून मालकी मिळत नाही, हेही त्याच वेळी सांगा. खोटी आशा लावून पाठवलेली बाई परत आपल्याकडे येत नाही.

या हक्कासाठीचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे जातो, सोबत संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) भरलेला घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची लेखी नोंद. वकिलाच्या पैशांची चिंता तिला करू देऊ नका. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अहवालासाठी पहिला जबाब मी लिहिला तो असा: ‘पती दारू पिऊन त्रास देतो.’ आमच्या मॅडमनी कागद परत केला. "त्रास म्हणजे काय? कधी? कशाने?" मी पुन्हा बाईजवळ बसले. दीड तास लागला. मग कागदावर आलं: गौरी विसर्जनाच्या संध्याकाळी, माजघरात, कोयतीच्या मुठीने डाव्या खांद्यावर, मोठी मुलगी दारात उभी होती, त्यानंतर चार दिवस नारळ किसता आला नाही. मधे बाई गप्प बसली की मी वाक्य पुरं करायला धावत होते. ते करू नका. तिचे शब्द तिला सापडू द्या.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. मिस्ड कॉल पाहून मी रात्री नऊला उलट फोन केला आणि तो नवऱ्याने उचलला. त्या रात्री तिला काय सोसावं लागलं ते दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्याखाली दिसत होतं. तेव्हापासून मी फोनची वेळ तिच्याकडूनच ठरवून घेते. एक बाई सकाळी बंदरावर मासळी घ्यायला जायची, तेवढीच आमची वीस मिनिटं. घरी भेट तर टाळाच. वाडीत परकं माणूस आलं की चहाच्या आत बातमी फिरते. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत भेटा, तिथे कुणी कुणाला विचारत नाही.

आणि गावकी. "आधी गावात मिटवू" म्हणत चार जाणते बसतात, नवरा हात जोडतो, बाईला परत धाडतात. त्या बैठकीत तुम्ही सही करायला जाऊ नका. घर सोडायचं की राहायचं, ते ठरवणार तीच. राहायचं म्हणाली तरी रागावू नका. आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सांगा, सोबत एसटीपुरते पैसे. एकीने ती पिशवी ठेवली ती जुलैत, आणि उचलली थेट शिमग्यानंतर. मधले सगळे महिने ती दर पंधरवड्याला फोन करत होती.